आवड आपली, हिशेब सरकारचा

घाटकोपर किंवा मुलुंड स्थानकाबाहेरील परमिट रूममध्ये शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईक टेबलाशी बसले आणि त्याने बिअर मागितली, की वेटर तिचे नाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारतो : ‘माईल्ड की स्ट्राँग?’ बहुतेक टेबलांवरून ‘स्ट्राँग’ हेच उत्तर येते. मग भिजवलेले चणे किंवा खारे शेंगदाणे येतात आणि आपापल्या आवडीची चर्चा सुरू होते. कोणास अमुक बिअर कडवट वाटते, कोणास तमुक बिअरने डोके दुखते, तर कोणी पंधरा वर्षांत छाप बदललेली नसते. आपली निवड ही सर्वस्वी आपली आहे, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते. त्या समजुतीस धक्का देणे हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाचे अप्रिय कर्तव्य आहे.

आवडीनिवडीबद्दल वाद घालू नये, असे एक लॅटिन वचन आहे. त्याच वचनाचे शीर्षक देऊन जॉर्ज स्टिगलर आणि गॅरी बेकर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक निबंध लिहिला. माणसांच्या वागणुकीतील फरक दिसला, की ‘त्यांची आवडच निराळी’ असे म्हणून मोकळे होणे हा आळशीपणा आहे. आधी किमती पाहाव्यात, उत्पन्न पाहावे, मग काही उरलेच तर आवडीकडे वळावे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. हा नियम सर्वत्र लागू पडतो असे नाही. उपनगरातल्या बिअरच्या बाटलीस मात्र तो चपखल बसतो. भारतात खपणाऱ्या बिअरपैकी सुमारे चार-पंचमांश बिअर स्ट्राँग असते. सातू आणि हॉप्स यांपासून बनणारे हे पेय जगात अन्यत्र मुख्यत्वे साडेचार-पाच टक्के मद्यार्काचे असते. मग आपल्याकडेच आठ टक्क्यांची ओढ का असावी? भारतीयांच्या जिभेची घडण वेगळी आहे, हे उत्तर कोणासही पटणारे नाही.

खरे उत्तर अंकगणितात आहे. ६५० मिलिलिटरच्या माईल्ड बिअरच्या बाटलीत, पाच टक्के धरले तर, साडेबत्तीस मिलिलिटर मद्यार्क असतो. स्ट्राँगमध्ये, आठ टक्क्यांची मर्यादा धरली तर, तो ५२ मिलिलिटरपर्यंत जातो. म्हणजे माईल्डच्या दीडपटीहून अधिक. दोन्ही बाटल्यांच्या किमतींत मात्र थोड्याच रुपयांचे अंतर असते. आता शेजारी व्हिस्कीची क्वार्टर ठेवा. १८० मिलिलिटरच्या त्या चपट्या बाटलीत ४२.८ टक्के या नेहमीच्या तीव्रतेने ७७ मिलिलिटर मद्यार्क येतो. जून २०२५ च्या करवाढीनंतर अशा क्वार्टरची किमान किंमत २०५ रुपये झाली. याच दराने हिशेब केला, तर माईल्डची बाटली सुमारे ८७ रुपयांस आणि स्ट्राँगची सुमारे १३८ रुपयांस मिळावयास हवी. माईल्डची बाटली या भावाच्या जवळपासही मुंबईत मिळत नाही. तात्पर्य, खिशात मोजके पैसे असलेल्या माणसास सरकारची करपद्धती रोज एकच उपदेश करते : पेय जितके तीव्र, तितका व्यवहार फायद्याचा. परमिट रूममधील ‘स्ट्राँग’ हे उत्तर या उपदेशाचाच प्रतिध्वनी होय.

यावर कोणी म्हणेल, की पिणारा माणूस कागद-पेन्सिल घेऊन मिलिलिटर मोजीत बसत नाही. तो बसत नाही, हे खरे. पण भाजी घेणारी गृहिणीही उपयोगितेचा सिद्धान्त न वाचता नेमकी जुडी उचलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार भारतात नोंद झालेल्या मद्यसेवनातील नव्वद टक्क्यांहून अधिक मद्यार्क व्हिस्की, रम, देशी दारू अशा तीव्र मद्यांतून पोटात जातो. बिअरचा वाटा एक-दशांशाहून कमी आहे. सौम्य पेय हे आपल्याकडे चैनीचे आणि तीव्र पेय हे काटकसरीचे ठरले आहे. याहून उलटा न्याय कल्पिता येणार नाही.

हा उलटा न्याय आला कोठून? मुंबईत १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने दारूबंदी आणली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. त्यास बलसारा नावाच्या नागरिकाने आव्हान दिले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द करून बाकीचा कायदा उचलून धरला. पुढे वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत बंधने सैल झाली. तथापि कायदा गेला नाही. तो आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून जिवंत आहे. त्यानुसार मद्यपानास परवाना लागतो आणि म्हणूनच आपल्या मद्यगृहास ‘परमिट रूम’ हे जगावेगळे नाव मिळाले. बंदीच्या कायद्याखाली विक्रीची व्यवस्था उभारली, की दारूकडे पाहण्याची शासनाची दृष्टी दुभंगते. एका डोळ्यास ती पाप दिसते, दुसऱ्यास महसूल. तिच्यात मद्यार्क किती आणि त्याने नुकसान किती, हे पाहण्यास तिसरा डोळा लागतो. तो क्वचितच उघडतो. बिअरसाठी किमान वय २१ आणि तीव्र मद्यासाठी २५ ठेवताना तो एकदा उघडला होता. सौम्य आणि तीव्र यांत फरक आहे, हे कायद्यास कळते. कराच्या तक्त्यास ते पुरेसे कळत नाही. बिअरच्या करात माईल्ड आणि स्ट्राँग अशा दोन पायऱ्या आहेत, हे मान्य. परंतु पाच टक्क्यांची रेषा ओलांडली, की साडेपाच आणि आठ टक्के एकाच पायरीवर बसतात. मग उत्पादकाने साडेपाचवर का थांबावे?

उत्पादकांचा उल्लेख आलाच आहे, तर आपल्या ‘आवडत्या’ छापाचीही गोष्ट सांगावयास हवी. भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग इंडिया आणि त्यांची व्यापारी संघटना यांस मिळून सुमारे ८७३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २००९ ते २०१८ या काळात बड्या बिअर कंपन्यांनी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत किमतींबाबत संगनमत केले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. तिसरी मोठी कंपनी माहिती देऊन माफीची साक्षीदार झाली, म्हणून दंडातून सुटली. डिसेंबर २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने आयोगाचा निर्णय कायम केला. कंपन्यांनी पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ज्या वर्षांत आपण टेबलावर हिरव्या बाटलीची बाजू घेऊन तपकिरी बाटलीशी भांडत होतो, त्या वर्षांत दोन्ही बाटल्यांचे मालक आपसांत बोलून दर ठरवीत होते, असा या निर्णयाचा साधा अर्थ आहे.

ज्यांना खरोखर निवड उपलब्ध आहे असे गिऱ्हाईक उपनगरात नाही, असे नव्हे. गेल्या दशकात अंधेरी पश्चिमेस जागेवर बिअर गाळून देणारी मद्यगृहे निघाली. तेथे गव्हाची, संत्र्याच्या सालीची, कॉफीसारख्या काळ्या रंगाची, अशी बिअर मिळते आणि गिऱ्हाईक तिच्या गंधाची चर्चा करते. ती चर्चा खोटी नसते. पण तेथील एका ग्लासाच्या पैशांत मालाडच्या वस्तीतील मजुराची संध्याकाळ पार पडते. चव हा उत्पन्नाचा उपभोग आहे. उत्पन्न नसलेल्या माणसाकडे फक्त हिशेब असतो.

आणि हा हिशेब चुकला, की काय होते, हे उपनगरांनी पाहिले आहे. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे मेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक मेली. कारण दोन पैशांनी स्वस्त पडणाऱ्या दारूत मिथेनॉल हे औद्योगिक विष होते. मेलेल्यांत मजूर होते, रिक्षाचालक होते. त्यांची ‘आवड’ हातभट्टी होती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? मालवणीच्या खटल्याचा निकाल लागावयास २०२४ साल उजाडले.

या पार्श्वभूमीवर १० जून २०२५ च्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाकडे पाहावे. विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्यात आले. बिअर वगळण्यात आली. अपेक्षित वाढीव महसूल १४ हजार कोटींचा. तीव्र मद्य महाग आणि बिअर आहे तेथेच, म्हणजे दोहोंतील दरी थोडी बुजली. हे पाऊल योग्य दिशेचे होते. परंतु त्याच निर्णयात धान्यापासून बनविलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकारास जन्म देण्यात आला आणि त्याच्या क्वार्टरची किमान किंमत १४८ रुपये ठरली. एका हाताने बुजवलेली दरी दुसऱ्या हाताने पुन्हा खोदली गेली. देशी दारूवरील शुल्क प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये झाले. प्रूफ लिटर हे द्रवाऐवजी त्यातील मद्यार्काचे माप आहे. म्हणजे मद्यार्कावर कर कसा बसवावा, हे शासनास अवगत आहे. गरिबाच्या बाटलीवर ते तो बसवितेही.

आणखी एक कर आहे. त्यास मी खुर्चीवरचा कर म्हणतो. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममध्ये बसून पिण्यावरील मूल्यवर्धित कर पाचवरून दहा टक्के झाला. दुकानातून बाटली घेऊन जाणाऱ्यास तो लागू नाही. बसण्याची किंमत वाढली, की माणूस पिणे सोडतो, असे नाही. तो उभ्याने पितो, घाईने पितो, स्थानकामागच्या अंधाऱ्या गल्लीत पितो आणि पुढच्या गाडीने घरी जातो. बिअरची बाटली संपावयास तास लागतो. क्वार्टरला तितका वेळ द्यावा लागत नाही. ज्या घराच्या दारावर त्यानंतर थाप पडते, त्या घरातील बाईस या फरकाचा अर्थ कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाहून अधिक समजतो.

दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला दारूबंदीवाद्यांचा : सौम्य दारू ही तीव्र दारूची पहिली पायरी आहे, मग ती स्वस्त का करावी? आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या आरंभी, मद्यार्काचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. हे मान्य केले पाहिजे. बिअर हे टॉनिक नव्हे आणि न पिणाऱ्याने ती प्यावी, असे या लेखात कोठेही सुचविलेले नाही. प्रश्न पिणाऱ्यांचा आहे. मद्यार्कच घातक असेल, तर कर मद्यार्कावरच बसला पाहिजे, हा निष्कर्ष त्या विधानातूनच निघतो. दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा : तीव्र दारू फार महाग केली, तर हातभट्टी फोफावेल. तोही इतिहासास धरून आहे. १७३६ साली इंग्लंडने जिनवर असा जबर कर लादला, की चोरट्या जिनचा सुळसुळाट झाला आणि १७४३ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. १७५१ च्या सौम्य कायद्याने मात्र पकड बसली. त्याच वर्षी विल्यम होगार्थने जिनच्या गल्लीतील विनाश आणि बिअरच्या रस्त्यावरील सुबत्ता दाखविणारी आपली चित्रांची जोडी काढली. चित्रात अतिशयोक्ती आहे. पण सौम्याकडे वळवावयाचे, तर वळण्यास वाट ठेवावी लागते, हा धडा खरा आहे. त्याच देशाने १ ऑगस्ट २०२३ पासून सर्व मद्यांवरील कर तीव्रतेशी जोडला आहे.

महाराष्ट्र सरकारने बिअरवरील शुल्काचा विचार करण्यासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये एक अभ्यासगट नेमला होता. त्यामागची चिंता बिअरचा घटता खप आणि त्यामुळे घटणारा महसूल ही होती. चिंतेचा विषय बदलावा, एवढीच विनंती आहे. प्रत्येक मद्यावर त्यातील शुद्ध मद्यार्काच्या प्रमाणात कर असावा. पाच टक्क्यांखालील पेयास त्यात सवलत असावी. बाटलीवर टक्केवारीबरोबर एकूण मद्यार्काचा आकडा ठळक छापावा, म्हणजे माईल्ड आणि क्वार्टर यांची तुलना शाळकरी मुलासही करता येईल. कराची वाढ टप्प्याटप्प्याने व्हावी आणि मिथेनॉलच्या साठ्यांवर व वाहतुकीवर कडक देखरेख असावी. अन्यथा मालवणी पुन्हा घडेल.

राहिली माझी आवड. महिन्यातून एखाद्या शनिवारी एका सहकाऱ्याबरोबर माईल्डची एक बाटली, दोन ग्लासांत. वेटरच्या दृष्टीने हे किरकोळ गिऱ्हाईक होय. मद्यार्काच्या हिशेबाने मी त्या खोलीतील सर्वांत महाग सौदा करतो, कारण प्राध्यापकाच्या पगारात तो करता येतो. शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस तो करीत नाही, यात त्याच्या जिभेचा दोष नाही.