खोडदची दुर्बीण आणि तिच्यामागचा हिशेब

राजुरी, खोडद, नारायणगाव या पट्ट्यात टोमॅटो-कांद्याच्या शेतांमधून जाताना जाळीच्या अवाढव्य डिश दिसतात. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० डिश आहेत. त्यातल्या १४ खोडदजवळ एकवटलेल्या, उरलेल्या १६ तीन दिशांना फाकलेल्या. टोकाटोकांतलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची. तारांच्या हलक्या जाळीच्या रचनेचं कौतुक पुष्कळ झालं आणि ते रास्तच आहे. पण ही दुर्बीण दुर्बीण होते ती संगणकात. तिथल्या प्रोग्रामांविषयी मराठीत फार कमी लिहिलं जातं, याची मला खंत वाटते.

एकाच ताऱ्याच्या लहरी वेगवेगळ्या डिशवर किंचित मागेपुढे पोचतात. पृथ्वी फिरत असल्याने हा फरक क्षणोक्षणी बदलतो. तो अचूक भरून काढायचा, प्रत्येक सिग्नल वारंवारितांमध्ये फोडायचा आणि मग प्रत्येक डिशचा दुसऱ्या प्रत्येक डिशशी गुणाकार करायचा. ३० डिशच्या ४३५ जोड्या होतात. या गुणाकारांतूनच २५ किलोमीटर रुंदीच्या एका भिंगाची नजर तयार होते.

सुरुवातीला हे काम खास घडवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करायची. तिच्यात बदल करायचा तर सर्किटच बदलावं लागे. मग बाजारात मिळणारे संगणक एकत्र जोडून, लिनक्सवर चालणारी जीएमआरटी सॉफ्टवेअर बॅकएंड तयार झाली. तिच्यावरचा जयंता रॉय, यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१० चा. हा बदल मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण आता नवी कल्पना सुचली की प्रोग्राम बदलून ती आजमावता येऊ लागली. पुढे दुर्बीण एका वेळी टिपते तो वारंवारितांचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झवर गेला. प्रत्येक डिशचे दोन, असे साठ सिग्नल. प्रत्येकाचे सेकंदाला ८० कोटी नमुने. एकूण ४,८०० कोटी नमुने दर सेकंदाला, तेही न थांबता. हा भार आज एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिप) आणि ग्राफिक्स प्रोसेसर मिळून उचलतात. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा गोंगाटही वाहत्या सिग्नलमध्येच ओळखून बाजूला काढण्याची सोय त्यात आहे.

गुणाकार झाला तरी चित्र मिळत नाही. आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, आकाशाच्या प्रत्येक दिशेला वेगळी ओढाताण करतं आणि कमी वारंवारितेला प्रतिमा विस्कटते. २०१० ते २०१२ मध्ये जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झला दोन हजारांहून जास्त तास आकाश टिपलं. त्या साठ्यातला फार थोडाच भाग सुरुवातीला प्रतिमांच्या रूपात लोकांपुढे आला. मग खगोलशास्त्रज्ञ ह्यूब इंटेमा यांनी ‘स्पॅम’ हा पायथनमधला प्रोग्राम त्यावर चालवला. तेजस्वी स्रोतांवरून आयनांबराचा अंदाज बांधून तो प्रतिमा सरळ करतो. त्यातून तयार होऊन २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशात ३६,९०० चौरस अंश आकाश आणि सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत आहेत. डिश त्याच, नोंदीही त्याच. जुन्या नोंदींतून नवं आकाश निघालं ते चांगल्या प्रोग्राममुळे. म्हणूनच मूळ नोंदी जपून ठेवणं हे प्रयोगशाळेचं पहिलं कर्तव्य मानायला हवं.

दुसरं कर्तव्य कोड खुला ठेवण्याचं. रुता काळे आणि ईश्वर-चंद्र यांनी जीएमआरटीच्या नोंदींवरून प्रतिमा काढणारा ‘कॅप्चर’ हा प्रोग्राम सर्वांना वापरता येईल असा खुला केला. तो ‘कासा’ या मोफत खगोलशास्त्रीय सॉफ्टवेअरवर चालतो. एकाने काढलेली प्रतिमा दुसऱ्याला त्याच पायऱ्यांनी पुन्हा काढून तपासता येते. विज्ञानात विश्वास असाच कमवावा लागतो.

निरीक्षकांचा राखीव काळ संपला की जीएमआरटीच्या नोंदी ऑनलाइन संग्रहात खुल्या होतात. आळेफाटा-राजुरी भागात अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: पायथन शिका, लिनक्सची भीती सोडा आणि यातली एक नोंद उतरवून स्वतः प्रतिमा काढून पाहा. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरतं. तिथे जाल तेव्हा हा हिशेब कसा चालतो ते तिथल्या अभियंत्यांना जरूर विचारा.