गावाची रीत आणि देणारा हात

आषाढ सरता सरता शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून माघारी फिरते. मराठवाडा ओलांडून ती सिंदखेडराजाच्या बाजूने बुलढाणा जिल्ह्यात येते आणि लोणार, मेहकर, खामगाव करत शेगावी पोहोचते. या वाटेवरच्या गावांना कुणी हुकूम सोडत नाही. तरी रस्ते झाडले जातात, दारांत रांगोळ्या निघतात, चहाची पातेली चढतात. कुणी केळी वाटतं, कुणी वारकऱ्यांना जेवायला घरी नेतं. खरीप नुकतं पेरलेलं, खतं-बियाण्यांची उधारी डोक्यावर. पण त्या दिवशी हात आखडत नाही.

हाच माणूस एरवी बसस्थानकावर अडकलेल्या अनोळखी कुटुंबाला घरी जेवायला नेईलच, असं नाही. माणूस तोच, मन तेच. मग फरक कशाने पडतो? पालखीच्या दिवशी काय करायचं, हे गावाने आधीच ठरवलेलं असतं. औदार्य हा स्वभावाचा गुण आहे, असं आपण मानतो. पण त्याचा मोठा वाटा रीतीचा असतो, आणि रीत माणसंच घडवतात.

बाकीचे काय करतात, बाकीचे काय म्हणतील

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी यांनी सामाजिक रीतींचे दोन प्रकार वेगळे केले. बाकीचे काय करतात, हा एक. बाकीचे काय म्हणतील, हा दुसरा. देणगी मागायला मंडळाची पोरं दारात येतात तेव्हा दोन्ही एकदम कामाला लागतात. पावतीपुस्तक पुढे आलं की नजर आधी वरच्या नावांसमोरच्या आकड्यांवर जाते. शेजाऱ्याने ५०१ दिले असतील, तर १०१ लिहिताना पेन अडतं.

अमेरिकेत श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या एका रेडिओ केंद्रात जेन शँग आणि रेचल क्रोसन या संशोधकांनी हेच तपासलं. फोन करणाऱ्या दात्याला ‘आधीच्या एका सभासदाने ३०० डॉलर दिले’ एवढंच सांगितलं, तर देणगी सरासरी सुमारे १२ टक्क्यांनी वाढली.

याची दुसरी बाजू आपण फारशी लक्षात घेत नाही. अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात पर्यटक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. ‘पूर्वी अनेकांनी तुकडे नेल्याने जंगलाचं रूप बदललं’ अशा पाटीजवळून सुमारे ८ टक्के तुकडे उचलले गेले. ‘कृपया नेऊ नका’ एवढंच सांगणाऱ्या पाटीजवळून २ टक्क्यांहूनही कमी. तक्रारीच्या पाटीने नकळत सांगितलं होतं, की सगळेच नेतात.

आपल्याकडे लोणारच्या सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. नवरात्रात कमळजादेवीच्या यात्रेला सरोवराच्या काठी गर्दी लोटते. अशा जागी ‘लोक फार कचरा करतात’ हे वाक्य जपून वापरायला हवं. आणि ‘आजकाल कोणी कोणाच्या मदतीला येत नाही’ हे वाक्य तर त्याहून जपून. पारावर आणि मोबाइलवर ते रोज फिरतं आणि मदतीला निघालेल्या माणसाचं पाऊल मागे खेचतं.

रीत कामातून येते

मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी जगातल्या १५ लहान समाजांमध्ये वाटणीचा एक खेळ खेळवला. निष्कर्ष २००१ मध्ये आले. एकाने मिळालेल्या रकमेतला काही वाटा दुसऱ्याला देऊ करायचा; दुसऱ्याने नाकारला, तर दोघांनाही काही नाही. पेरूच्या जंगलातले माचिगेंगा सरासरी २६ टक्के देऊ करत. इंडोनेशियातल्या लामालेराचे लोक निम्म्याहून जास्त. माचिगेंगांचं कुटुंब आपलं आपण पिकवतं. लामालेराचे लोक देवमाशाची शिकार करतात. ती एकट्याने होत नाही आणि वाटणीचे नियम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात.

आपल्याकडची सावड याच मुशीतली. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी नाही, पण हिशेब प्रत्येकाच्या मनात पक्का. एकमेकांच्या घामावर विसंबलेला गाव अडीअडचणीलाही लवकर धावतो.

पण त्याच अभ्यासात पापुआ न्यू गिनीतल्या औ आणि ग्नाऊ लोकांनी निम्म्याहून मोठे वाटेही नाकारले. मोठी भेट घेतली, की मोठं ओझं डोक्यावर येतं, ही तिथली समजूत. लग्नातली आहेराची वही ठाऊक असलेल्या कुणालाही हे कळेल. अमक्याने किती दिलं ते पाहून परतफेड होते आणि ऐपत नसलेलं घर कर्ज काढून मान राखतं. रीत देण्याला बळ देते, तशी देण्याची सक्तीही करते.

पंगतीची सीमा कोण आखतं?

रीत आणखी एक गोष्ट ठरवते: कुणाला द्यायचं. ज्या पंढरपुरात वारकऱ्यांवर अन्नाचा वर्षाव होत असे, तिथे अस्पृश्य मानलेल्या भाविकांना मुक्कामाला जागा नव्हती. गाडगेबाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली. विदर्भाच्या या संताने रीतीची ताकद पुरती ओळखली होती. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचं जेवण घालायची जातीची चाल मोडून त्यांनी गोड जेवण दिलं. कर्ज काढून सण करू नका, हे ते कीर्तनातून हजारोंच्या समोर सांगत. एकट्याने चाल मोडणं अवघड असतं; सगळ्या गावाने एकदम ऐकलं, की सोपं होतं.

लोणारच्या शेजारच्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमाने पंगतच मोठी केली. शुकदास महाराजांच्या या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला लाखभराहून अधिक माणसं शेतात ओळींनी बसतात आणि पुरी-वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढली जाते. शेजारी कोण बसलंय, हे तिथे विचारलं जात नाही.

शेगावला तर पैशाऐवजी वेळ द्यायची रीत रुजली. गावोगावचे सेवाधारी पाळीपाळीने येतात, पगार न घेता झाडतात, वाढतात, रांगा सांभाळतात. आणि पाळी मिळावी म्हणून वाट पाहतात. गजानन महाराज संस्थानचा कारभार पाहणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटलांनी ही शिस्त आयुष्यभर स्वतः पाळली. संस्थानचा मुख्य माणूसच काही घेत नाही, हे रोज डोळ्यांना दिसलं, की सेवाधाऱ्याला उपदेशाची गरज उरत नाही. ४ ऑगस्ट २०२१ रोजी भाऊ गेले, पण ती घडी टिकून आहे.

म्हणून गावात औदार्य वाढवायचं, तर माणसांना कंजूष म्हणून काही साधणार नाही. झालेली मदत मोठ्याने सांगावी, घेणाऱ्याचं नाव मात्र झाकावं. आहेर बंद करायचा, तर एका घराने नको, सगळ्या गावाने ग्रामसभेत ठरवावं. शिकणाऱ्या पोरीची फी, दवाखान्यातल्या माणसाचा डबा, एकट्या म्हातारीचा फराळ, यांनाही पालखीसारखा ठरलेला दिवस आणि ठरलेली घरं द्यावीत. दुसऱ्या वर्षी आठवण करून द्यावी लागेल. चौथ्या-पाचव्या वर्षी गाव म्हणेल, आमच्याकडे असंच असतं.