खिशांतलें संगीत आणि बाहेरचा डॅक



खिशांत मावणाऱ्या भ्रमणध्वनींत आज शेंकडों तासांचें गायन सांठवितां येतें. तथापि तानपुऱ्यामागें बारीक खरखर ऐकूं येते, अथवा मोठे हेडफोन लावतांच आवाज क्षीण होतो, अशी पुष्कळांची तक्रार असते. अशा वेळीं बाहेरून जोडावयाचा 'डॅक' घ्यावा काय, हा प्रश्न उद्भवतो. डॅक म्हणजे आंकड्यांचें विद्युल्लहरींत रूपांतर करणारें यंत्र.

१९८२ सालीं विक्रीस आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनिलहरीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजलेली असते, व प्रत्येक मोजमाप ६५,५३६ संभाव्य आंकड्यांपैकीं एक असतें. आलेखाच्या कागदावर ठिपके मांडून त्यांतून वक्ररेषा काढण्याचा पाठ आपण शाळेंत गिरविला आहे. डॅक हेंच करतो. त्यांतून निघणारी लहर जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुटक असते, हा समज चुकीचा आहे. ती अखंडच असते. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो, आणि त्याच्या दुपटीहून अधिक मोजमापें त्यास पुरेशीं होतात.

मग बाहेरचा डॅक कशाकरितां? भ्रमणध्वनीच्या पोटांत बिनतारी संदेशांचीं व पडद्याचीं मंडलें दाटीनें बसलेलीं असतात; त्यांचा उपद्रव कधीं कधीं ध्वनींत उतरतो. शिवाय तीनशें ओहम् रोधाच्या हेडफोनांस लागणारा दाब तेथें पुष्कळदां मिळत नाहीं. या दोन उणिवा बाहेरचें यंत्र भरून काढूं शकतें. मात्र तें महागच हवें असें नाहीं. २०१६ सालीं आयफोन ७ मधून हेडफोनचें छिद्र गेलें, तेव्हां सोबत दिलेल्या वीतभराहून आंखूड तारेंतहि डॅक बसविलेला होता. बिनतारी हेडफोनांत तर तो त्यांच्या आंतच असतो. तेथें बाहेरच्या डॅकचा उपयोग नाहीं.

माझाच अनुभव सांगतों. मीं हौसेनें डॅक आणला, एका ख्यालाचें मुद्रण लावलें, आणि फरक कांहींच जाणवला नाहीं. जागा वांचविण्यासाठीं तें मुद्रण एमपी-३ रूपांत फार दाबून भरलें होतें. त्यांत एकदां टाकून दिलेला तपशील कोणतेंहि यंत्र परत आणूं शकत नाहीं. मूळ डिस्कवरून तेंच गायन फ्लॅक रूपांत, कांहींहि न गाळतां, पुन्हां उतरविलें, तेव्हां जवारी स्पष्ट झाली. आणि तीहि डॅक न जोडतां!

म्हणून प्रथम मुद्रण पाहावें, नंतर हेडफोन, आणि खरखर वा क्षीणता उरलीच तर डॅक. विकत घेण्यापूर्वीं दोन्हीं बाजूंचा आवाज सारखा ठेवून, कोणतें यंत्र चालू आहे हें न कळतां, घरांतील दुसऱ्याकडून अदलाबदल करवून ऐकावें. कारण किंचित् मोठा आवाज कानास उगाच सरस वाटतो. त्या परीक्षेंत फरक न कळल्यास पैसे गांठीस ठेवावे, आणि त्यांतून नवीं मुद्रणें घ्यावीं.