ताऱ्याचा वारा आणि ग्रहांचे खळे

गावी आम्ही मृग नक्षत्र ओळखायचो ते पावसावरून. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर सूर्य मृगात शिरायचा, कोकणात सरी यायच्या. पण मृगाचे तारे त्या दिवसांत सूर्याच्या उजेडात लपलेले. इथे इस्राएलात पाऊस थंडीत पडतो आणि ढग बाजूला झाले की तोच मृग रात्री दक्षिणेला लख्ख दिसतो. इय्योबाच्या पुस्तकातला ‘केसील’ तो हाच, असे मानतात.

मृगाच्या पोटातले तीन तारे म्हणजे व्याधाचा बाण. त्यांच्या खाली एक धुरकट ठिपका आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांनी तर तो अवश्य पाहावा. तो सुमारे 1,350 प्रकाशवर्षे दूर असलेला वायूचा प्रचंड ढग आहे आणि त्यात आजही तारे जन्मत आहेत.

नवजात ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची चपटी तबकडी फिरत असते. तिच्यातूनच ग्रह होतात. वर्गात आम्ही सांगत असू की, हे काम निवांतपणे, सावकाश झाले. आता कळते की ‘निवांत’ हा शब्द चुकला. तबकडीला जेमतेम काही दशलक्ष वर्षे मिळतात, आणि ती उधळून लावण्यात खुद्द ताऱ्याचाच मोठा हात असतो.

आपल्या सूर्यासारखा तारा तरुणपणी फार तापट असतो. त्याचे क्ष-किरण आजच्या सूर्याच्या हजारपटींच्या घरात असतात, शिवाय अतिनील किरण. त्यांनी तबकडीचा वरचा वायू हजारो अंश तापतो. तापलेल्या वायूचे कण इतके वेगाने धावतात की ताऱ्याची ओढ त्यांना धरून ठेवू शकत नाही. ताऱ्यापासून जितके दूर, तितकी ओढ कमी. म्हणून अगदी जवळचा वायू टिकतो आणि थोडा पुढचा निसटतो. शेवटी तबकडीत पोकळी पडते. आतला वायू ताऱ्यात जाऊन पडतो, आणि मग बाहेरच्या भागाच्या आतल्या कडेवर किरण थेट पडू लागतात. त्यानंतर सगळे झपाट्याने आटोपते.

खळ्यावर भात उफणताना पाहिले असेल ना? भूस वाऱ्यावर जाते, दाणा खाली राहतो. इथेही वायू जातो, खडे आणि दगड राहतात. पृथ्वी लोखंडाची आणि दगडाची, तिला वायू नसला तरी चालते. गुरूचे तसे नाही. तो बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियम, वजनाने 318 पृथ्व्यांएवढा. वारा सुटण्याआधीच त्याला आपली पोती भरून घ्यावी लागली.

काही तबकड्यांना शेजारीही नडतो. मृगाच्या त्या ढगात सूर्याहून तीसपटींपेक्षा जड असा एक निळा तारा आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट ओडेल यांना हबल दुर्बिणीच्या चित्रांत त्याच्याभोवती धूमकेतूसारख्या शेपट्या असलेले ठिपके दिसले. त्या छोट्या ताऱ्यांच्या तबकड्या होत्या, शेजाऱ्याच्या किरणांनी झिजत चाललेल्या. त्यांतल्या काही साधारण 30 वर्षांत एका पृथ्वीएवढा वायू गमावतात. इथे येऊन आपल्याला जितकी वर्षे झाली, तेवढ्यात एक-दोन पृथ्व्या गेल्या म्हणायच्या!

पण हे किरण नुसते लुटत नाहीत. 2023 साली वेब दुर्बिणीला त्याच ढगातल्या एका तबकडीत कार्बनचा एक धनभारित रेणू सापडला: एक कार्बन, तीन हायड्रोजन. त्याच्यापासून पुढे कार्बनची मोठी संयुगे तयार होऊ शकतात, आणि तो तयार व्हायला लागते अतिनील किरणांचीच ऊर्जा.