आरसा शाबूत, पण संगणक सुरू का होत नाही?

शाळेच्या संगणकात निकालपत्रके, दाखले, हजेरी अशी मोलाची माहिती असते. हार्ड डिस्क मात्र कधी ना कधी निकामी होणारच. म्हणून लिनक्स प्रणालीत दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिण्याची सोय आहे. दुसरी डिस्क पहिलीचा आरसा बनते. या रचनेला ‘रेड-१’ म्हणतात. अशा रचनांचे वर्गीकरण पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली मांडले.

आता समजा, पहिली डिस्क बिघडली. काम चालूच राहते. पण संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, की तो सुरूच होत नाही! माहिती दुसऱ्या डिस्कवर शाबूत असताना असे का व्हावे?

जुन्या पद्धतीचा संगणक सुरू होताना डिस्कवरचा अगदी पहिला, ५१२ बाइटांचा तुकडा वाचतो. त्यातील ४४६ बाइटांत लिनक्सला जागे करणाऱ्या ‘ग्रब’ या आज्ञावलीची सुरुवात असते. आरसा मात्र बहुधा डिस्कच्या विभागांचा केलेला असतो आणि हा तुकडा विभागांच्या बाहेर राहतो. साहजिकच त्याची नक्कल होत नाही. ठाणे-कल्याण दरम्यान धीमा मार्ग बंद पडला, तर लोकल जलद मार्गावर वळवता येते. पण सांधा असेल तेथेच. आपल्या दुसऱ्या डिस्कला हा सांधाच नसतो.

उपाय सोपा आहे. लिनक्स असलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, उरलेल्या डिस्कवरील आरसा जोडून घ्यावा, त्यातील प्रणालीत शिरावे आणि ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा त्या डिस्कसाठी द्यावी. बिघाडानंतर डिस्कची नावे बदलू शकतात. म्हणून डिस्कवरील अनुक्रमांक पडताळून मगच आज्ञा द्यावी. पुढे नवी डिस्क बसवून तिचे तसेच विभाग पाडावेत, त्यांना आरशात सामील करावे आणि तिच्यावरही ग्रब बसवावे. नव्या, यूईएफआय पद्धतीच्या संगणकांत ग्रब एका छोट्या स्वतंत्र विभागात असते. तोही बहुधा आरशाबाहेर असल्याने दुसऱ्या डिस्कवर वेगळा तयार ठेवावा लागतो.

खरी परीक्षा एकच. संगणक बंद करून आळीपाळीने एकेक डिस्क काढावी आणि तो सुरू होतो का ते पाहावे. दर वेळी काढलेली डिस्क परत जोडल्यावर आरसा पूर्ण जुळेपर्यंत थांबावे, मगच दुसरी काढावी. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हा प्रयोग आभासी संगणकावर निर्धास्तपणे करता येईल.

आणखी एक गोष्ट. चुकून पुसलेली फाइल आरशातूनही त्याच क्षणी पुसली जाते. शिवाय दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण परिसरात घराघरांत पाणी शिरले. तशा पाण्यात दोन्ही डिस्क एकदमच बुडतात. म्हणून आरसा असला, तरी माहितीची एक प्रत शाळेबाहेर ठेवलीच पाहिजे.