गमबूट गाऱ्यात, पाय हवेत

रावेर-यावलकडच्या केळीबागेत पावसाळ्यात काम केलेल्यांना हा प्रसंग नवा नाही. पाऊल उचलावे तर पाय वर येतो आणि गमबूट खालीच राहतो. मोजा घातलेला पाय क्षणभर हवेत लोंबकळतो, तोल जातो आणि तोच पाय गाऱ्यात पडतो. बघणारे हसतात. मग माणूस दोन्ही बूट बांधावर ठेवून अनवाणी कामाला लागतो, आणि शिव्या खातो तो बूट. खरे तर अर्धा दोष जमिनीचा असतो, उरलेला मापाचा.

आधी जमीन पाहू. बेसाल्ट खडक झिजून बनलेल्या आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीचा भरणा असतो. या खनिजाचे पापुद्रे जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचे. पाणी पापुद्र्यांच्या मधोमध शिरते आणि माती फुगते. ते उडून गेले की मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममधले सारे पापुद्रे उलगडून पसरले, तर 700 ते 800 चौरस मीटर जागा व्यापतील. चिमटीभर खनिजात सात गुंठे! एवढ्या पृष्ठभागाला बिलगलेले पाणी बुटाच्या रबरालाही तितक्याच हौसेने बिलगते.

पण सर्वांत चिकट माती सर्वांत ओली नसते. पाणी तुंबलेल्या वाफ्यात चिखल पातळ असतो, बुटावरून निथळून जातो. कोरडी माती चिकटतच नाही. या दोहोंच्या मधली अवस्था सर्वांत वाईट, म्हणजे वाफसा यायच्या जरा आधीची. तेव्हा प्रत्येक पावलागणिक तळव्याला थर चढत जातो. ‘वाफशाशिवाय रानात शिरू नये’ असे घरातली म्हातारी माणसे सांगतात, त्यामागे जमीन दाबली जाऊ नये हे कारण आहेच. पायांवरही त्यात दया आहे.

पातळ चिखलात चिकटपणा कमी, पण तिथे दुसरी अडचण येते. रुतलेला तळवा वर ओढला की त्याच्याखाली हवा शिरायला वाट नसते. खाली दाब कमी होतो आणि वरून वातावरण दाबत राहते, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो. तळवा 250 चौरस सेंटिमीटरचा धरा. खाली पूर्ण पोकळी झाली तर अडीचशे किलोंची ओढ! प्रत्यक्षात तेवढी होत नाही, पण तिचा दहावा हिस्साही सैल बूट काढून घ्यायला पुरतो. बैलाला ही अडचण कमी. त्याचा दुभंगलेला खूर भार पडताच फाकतो आणि उचलताना मिटतो, त्यामुळे कडेने हवा आत जाते. आपण निदान पाय सरळ वर ओढू नये. टाच आधी सोडवावी, पाऊल किंचित फिरवावे, मग उचलावे.

आता माप. चिखलाची पकड बुटावर असते, आपली पकड बुटाच्या आत. ती टाच आणि पायाच्या वरच्या उंचवट्यावर मिळते, बोटांवर नाही. पण दुकानातला नंबर मोजतो फक्त लांबी. हे ब्रिटिश नंबर आहेत. एका नंबरने लांबी इंचाच्या तिसऱ्या भागाने वाढते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभर 1 लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली, तेव्हा भारतीय पाऊल पाश्चात्त्यांपेक्षा पुढून रुंद निघाले. त्यावरून ‘भा’ नावाची देशी मापपद्धत सुचवली गेली. दुकानात मात्र आपण काय करतो? पंजा आवळतो म्हणून एक नंबर मोठा घेतो, आणि टाच सैल पडते. चिखलाला तेवढेच हवे असते.

म्हणून गमबूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभर उभे राहून पाऊल सुजलेले असते. जाड सुती मोजा घालूनच घ्यावा. पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट जावे, दोन नव्हेत. चालताना टाच उचलली की बूटही उचलला गेला पाहिजे.

बाहेरचा चिखल अडला तरी आत घामाचे तळे साचते, आणि चिखल्या बुटातही होतात. मोजा रोज बदलावा, बूट उलटा करून सावलीत वाळवावा. उन्हात रबर तडकते. तरी अनवाणीपेक्षा बूट बरा. पांझरा नदीकाठी फडावर, म्हणजे सामाईक पाटपाण्याच्या रानात, पाणी फिरवणारा पाटकरी असो की रात्रीच्या विजेवर मोटर लावायला निघालेला शेतकरी, साप चावतो तो बहुधा घोट्याच्या आसपास. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. गमबूट चिलखत नव्हे, पण उघड्या कातडीपेक्षा पुष्कळ.

एक गोष्ट मात्र खटकते. निंदणी-खुरपणीत बहुसंख्य बायकाच असतात, आणि गमबुटांची मापे बहुधा 6 नंबरपासून सुरू होतात. त्यांच्या पायाला 4 किंवा 5 लागतो. पुढच्या वेळी दुकानात गेलात, तर घरच्या बाईच्या मापाचा गमबूट नाव घेऊन मागा. मागितल्याशिवाय दुकानदार तो ठेवणार नाही.