बुकीचे गणित
सातारा-सांगलीकडे मटक्याच्या आकड्याची चिठ्ठी ज्याने पाहिली आहे, त्यास बुकीचे गणित निराळे शिकवावे लागत नाही. दहांपैकी एक अंक लागल्यास रुपयास बहुधा नऊ रुपये, म्हणजे दहाही अंकांवर एकेक रुपया लावणारा चतुर गृहस्थ एक रुपया गमावूनच घरी परततो. क्रिकेटमध्येही तोच न्याय: संघ तुल्यबळ असता बुकी रुपयास नव्वद पैसे भाव ठेवतो, दोघांकडून शंभर-शंभर घेतो, हरणाऱ्याच्या शंभरांतून जिंकणाऱ्यास नव्वद देतो आणि उरलेले दहा, सामना न पाहताच, गल्ल्यात टाकतो. एकीकडे पैसा साचू लागला की तिकडचा भाव उतरवतो. त्याला भविष्य नव्हे, तोल कळतो. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने हा व्यवहार गुन्हा ठरतो. परवानाप्राप्त रेसकोर्सवरील घोड्यांची पैज त्यातून वगळली आहे. माण-आटपाडीच्या माळावर धावणाऱ्या खिलार बैलांस ती मुभा नाही.